अर्धं टेबल डिलीट केलं तरी डिस्क ९४ टक्केच?

डिस्कग्रस्त:
मंडळी मदत करा. डेटाबेस पोस्टग्रेस १४ आहे, हजेरीच्या पंचिंगचं एक टेबल ७० जीबीचं झालंय, साहेब म्हणाले जुना डेटा काढ म्हणून काल रात्री बसून २०२२ पर्यंतच्या सगळ्या रो उडवल्या, अर्ध्याहून जास्त टेबल गेलं आणि सकाळी बघतो तर डिस्क ९१ ची ९४ टक्के! व्हॅक्यूम फुल मारू का? आणि पीजी वॉल फोल्डरमध्ये २५ जीबीच्या फाइली आहेत, जुने लॉगच ना, उडवू?

रात्रपाळी:
वॉलला हात लावू नकोस!! प्रत्येक बदल आधी त्यात लिहिला जातो, क्रॅश झाला की डेटाबेस त्यावरूनच सावरतो. हाताने फाइली काढल्यास तर डेटाबेस परत सुरूच होणार नाही अशी पाळी येते. आधी त्या फोल्डरचं नाव पीजी एक्सलॉग होतं, नावात लॉग बघून लोक बिनधास्त डिलीट करायचे, म्हणून तर व्हर्जन १० ला नाव बदललं. एवढं साठलंय म्हणजे कोणीतरी अडवून धरलंय. रेप्लिकेशन स्लॉट बघ, म्हणजे दुसरा सर्व्हर वाचेपर्यंत वॉल राखून ठेवायला लावणारी नोंद, एखादा इनअ‍ॅक्टिव्ह पडलाय का.

जुनं खोड:
डिलीटने जागा सुटत नाही रे, रो मेली एवढीच नोंद होते. साधा व्हॅक्यूम ती जागा त्याच टेबलला परत वापरायला देतो. फुल मारलास तर टेबल नव्याने लिहिलं जातं, म्हणजे उरलेल्या डेटाइतकी जागा आधी मोकळी पाहिजे, आणि तोवर असा लॉक की साधं सिलेक्टसुद्धा अडकतं. आमच्याकडे एकाने भर सकाळी मारला होता, हजेरीचं सोडा, पगाराची स्क्रीनपण बंद.

डिस्कग्रस्त:
सापडला! गेल्या महिन्यात बंद केलेल्या रिपोर्टिंग सर्व्हरचा स्लॉट तसाच होता. ड्रॉप केला, चेकपॉइंटनंतर (साठलेले बदल डिस्कवर पक्के झाल्यावर) वॉल १ जीबीवर 🙏

रात्रपाळी:
आता मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझला लिमिट घाल, ही सेटिंग व्हर्जन १३ पासून आहे. डीफॉल्ट उणे १, म्हणजे डिस्क भरेपर्यंत साठवत बसतो.

जुनं खोड:
मग फुलचा नाद सोड, रोजचं पंचिंग तीच जागा भरेल. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, डीफॉल्टला २० टक्क्यांवर असतो, १० कोटी रो असतील तर २ कोटी मेल्याशिवाय हलत नाही, त्या टेबलपुरता १ टक्का कर. आणि महिनावार पार्टिशन कर बाबा, म्हणजे दर महिन्याचा डेटा वेगळ्या तुकड्यात, जुना महिना ड्रॉप केला की जागा लगेच हातात.

डिस्कग्रस्त:
साधा व्हॅक्यूम चालवला पण डेड रो हलेनात??

रात्रपाळी:
पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीत (चालू सेशनची यादी) आयडल इन ट्रान्झॅक्शन शोध, कोणीतरी बिगिन मारून, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून, चहाला गेलंय. ते बंद होईपर्यंत व्हॅक्यूम त्यानंतर मेलेल्या रो काढू शकत नाही.

डिस्कग्रस्त:
माझंच सेशन निघालं. कालपासून.