व्याजाची कमाल मर्यादा आणि दामदुपटीचा रिवाज

‘कायद्याने घातलेली मर्यादा उठवली की स्पर्धेमुळे व्याज आपोआप उतरते’ हे नेहमी ऐकू येणारे विधान मूळचे इंग्रज तत्त्वचिंतक जेरेमी बेंथमच्या वळणाचे आहे. त्याने १७८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथला हेच सुनावले होते. (बाजाराचा कैवारी मानला जाणारा स्मिथ मात्र मर्यादेच्या बाजूने होता, हे सहसा कोणी सांगत नाही.) इंग्लंडपाठोपाठ १८५५ मध्ये हिंदुस्थानातही व्याजावरची बंधने रद्द झाली, पण दख्खनमधला अनुभव वेगळा आहे. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करायचे नाही, हा दामदुपटीचा दंडक त्यानंतरही मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंपुरता मानला. तरी तो कागदावरच राहू लागला, कारण कर्जासाठी दावा लावायची मुदत ठरवणाऱ्या १८५९ च्या कायद्यामुळे, ती मुदत टळू नये म्हणून, सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत (कर्जरोखा) लिहून घेई आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पूर्वी कर्जदार कुळ बुडाले तर आपलेही बुडेल, या धाकाने सावकार दमाने घेत असे; इंग्रजी अमलात न्यायालयाचा हुकूमनामा आणि जप्ती हाताशी आल्यावर त्याला गावाची भीड उरली नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला तेव्हा लोकांचा रोख माणसांपेक्षा खतांवर होता, आणि दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी केलेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशांना खतामागचा सगळा व्यवहार उकरून पाहायला सांगितले. माझ्या मते दराच्या मर्यादेपेक्षा ही तरतूद अधिक मर्मग्राही होती.