लूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह, दोनदा गर्भपात. बारा आठवडे नुसतं थांबायचं?

श्रावणसर_भांडुप

नमस्कार. वय ३१. गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात गेलं, या वेळी तेराव्या. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके छान होते, बाळाने हात हलवलेला मी पाहिला होता. पुढच्या वेळी डॉक्टर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. गर्भाची गुणसूत्रं तपासली, नॉर्मल आली. माझ्या रक्तात मात्र 'लूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट' पॉझिटिव्ह.

आमच्या डॉक्टर म्हणतात, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासू. मध्येच नणंदेच्या ओळखीने एका सेंटरला गेलो. तिथे सांगितलं, "तुमचं शरीर बाळाला परकं समजून नाकारतंय." नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मला टोचायच्या म्हणे, आणि लगेच सुरू करा. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण हल्ली देवघरात जास्त वेळ बसतात. मला लूपस झालाय का? यातून कोणी गेलंय का?

परळचे_काका

ताई, परळच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी २६ वर्षं रक्त गोठण्याच्या तपासण्या केल्या. डॉक्टर नाही, म्हणून तपासणीपुरतंच बोलतो.

नावाला घाबरू नका. लूपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. तुमच्या रिपोर्टमधली ही प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) आधी लूपसच्या रुग्णांत सापडली म्हणून ते नाव चिकटलं. लूपस नसलेल्या कितीतरी जणींत ती असतात. नावाचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे 'रक्त गोठू न देणारं', हाही फसवा आहे: नळीत रक्त उशिरा गोठतं, शरीरात मात्र गुठळीचा धोका वाढतो. यातली एक तपासणी घोणस सापाच्या विषावर चालते. त्या विषाने रक्त गोठायला लागतं, म्हणून ते अगदी पातळ करून प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) घालायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं.

बारा आठवडे अशासाठी, की एखाद्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात आणि जातात. किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा आली तरच या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या आजाराचं निदान पक्कं होतं. सोबत याच गटातल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीनच्या तपासण्याही झाल्यात का, ते बघा. हेपरिन (गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन) सुरू असेल तर रक्त देण्याआधी सांगायचं, नाहीतर निकाल चुकू शकतो. आणि पेशी वेगळ्या करायला प्लाझ्मा यंत्रात दोनदा फिरवतात का, हे लॅबला जरूर विचारा. त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) राहिल्या तर पॉझिटिव्ह रक्तही निगेटिव्ह दिसू शकतं. हे विचारलं म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे.

लालबागची_मनीषा

अगं, ते "नाकारतंय" मलाही ऐकवलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस मी आरशात पोटाकडे बघितलं नाही. म्हणून आधी तेच सांगते.

बाळ अर्धं बापाचं, तरी आईचं शरीर ते कसं ठेवून घेतं, हा प्रश्न पीटर मेदावर या शास्त्रज्ञाने १९५३ सालीच विचारला होता. माझ्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. गर्भाशयात आपल्या प्रतिकारशक्तीच्या 'नॅचरल किलर' पेशी असतात. नाव मारेकऱ्याचं, पण तिथे त्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, म्हणजे वारेला रक्त पुरतं. आपल्यासारखीच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं बाळाशी वैर नसतं. वारेच्या पेशींवर बसलेल्या एका प्रथिनाला ती चिकटतात, तिथे दाह होतो आणि वार नीट रुजत नाही. कधी गुठळ्याही होतात. तुझ्या शरीराने बाळाला हाकललेलं नाही गं.

नवऱ्याच्या पेशींचं म्हणशील तर १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची चाचणी छापून आली, फायदा दिसला नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर ते करायला मनाई केली. तिथे पुन्हा जाऊ नकोस, हात जोडून सांगते.

माझं दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आलं. मग अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि रोज हेपरिनचं इंजेक्शन, ४० मिलिग्रॅमचं. लंडनमध्ये ९० जणींवर केलेला अभ्यास १९९७ मध्ये आला होता. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर शंभरात ४२ जणींना बाळ झालं, दोन्ही घेतलेल्यांत ७१ जणींना. हा ७१चा आकडा मी फ्रिजवर चिकटवला होता.

रात्री नऊला नवरा टोचायचा. पहिल्या दिवशी त्याचाच हात थरथरत होता. पोटावर निळे-जांभळे डाग पडले. करी रोडला जिना चढताना ओढणी सारखी केली तरी बायकांच्या डब्यात एकीने हळूच विचारलं, "घरी त्रास आहे का गं?" इंजेक्शनचं सांगितल्यावर तिने उठून जागा दिली आणि भायखळ्यापर्यंत माझी पिशवी मांडीवर धरली. गणपतीत आमच्याकडून टॅक्सीसुद्धा बाहेर पडत नाही, म्हणून ते दहा दिवस ठाण्याला आईकडे राहिले. वाढीची सोनोग्राफी आणि बीपी मात्र एकदाही चुकवलं नाही, कारण यात बीपी वाढायचा आणि बाळ बारीक राहायचा धोका असतो. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो ४००. इंजेक्शनं पुढेही सहा आठवडे होती.

श्रावणसर_भांडुप

मनीषाताई, ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचून रडले. काका, दुसऱ्या दोन तपासण्या झाल्याच नव्हत्या, आजच डॉक्टरांना फोन केला. तिन्ही एकदम करायच्या ठरल्या आहेत. सेंटरला नवऱ्याने नाही म्हणून कळवलं. ताई, एक विचारू? इंजेक्शनचे डाग कमी व्हायला काही करता येतं का?

लालबागची_मनीषा

टोचल्यावर चोळायचं नाही, कापूस नुसता दाबून धरायचा. नाभीपासून दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो तसाच असू द्यायचा. वापरलेल्या सुया जाड डब्यात जमवून दवाखान्यात नेऊन दे, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नकोस, सफाईवाल्यांच्या हाताला लागतात. आणि रिपोर्ट आला की कुठल्याही वेळी मेसेज कर, मी जागी असते. मुलगी अजून रात्री दोनला उठते.