ब्रिटनशी झालेला व्यापार करार विद्यार्थ्यांना कसा समजावून सांगावा?

कोथरूडची वाचक: नमस्कार. मी पुण्यात पदव्युत्तर वर्गाला आर्थिक इतिहास शिकवते. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की, ज्यांनी आपला विणकर देशोधडीला लावला त्यांनाच आपण सवलती का देतो आहोत? मी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नारायण पेठ: ताई, त्याला १८९६ सालापासून सांगा. त्या वर्षी आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली गेली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरणीमालकांचे नुकसान होऊ नये म्हणून आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादण्यात आला. तो कायमचा उठायला १९२६ साल उजाडले. जकात आपली, पण दर ठरवणार लंडन, अशी ती व्यवस्था होती. आपल्या सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, तिचा रोख फार आधी ओळखला होता आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेच्या वतीने ते खादीच्या वेषात हजर राहिले होते.

आज तेच कापड उलट दिशेने जाते. आपल्या तयार कपड्यांवर ब्रिटनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत लागणारी जकात या कराराने शून्यावर येते आणि बांगलादेशाला आधीपासून असलेली सवलत आपल्यालाही मिळते. त्या बदल्यात आपण व्हिस्कीवरील १५० टक्के जकात आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणणार आहोत. हा सौदा आहे आणि तो आपण स्वतः केला आहे, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

भोसरीचा कारखानदार: सौदा आपण केला हे मान्य, पण पुढचे पाऊल तिकडेच ठरते आहे. मी कोल्हापूरहून कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, आणून पंपाचे भाग तयार करतो. इंग्लंडमधील माझ्या ग्राहकाने यंदा दरपत्रकासोबत एक तक्ता भरायला पाठवला: भट्टीला वीज किती, कोक (भाजलेला दगडी कोळसा) किती, भंगार किती. ब्रिटनने लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमवर २०२७ पासून कार्बन कर, म्हणजे माल बनवताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरचा आयात कर, जाहीर केला आहे आणि करारात आपल्याला त्यातून सूट मिळालेली नाही. शून्य जकातीचा फायदा या तक्त्यात विरून जाईल, अशी मला खरोखर धास्ती वाटते.

नारायण पेठ: धास्ती रास्त आहे. तरीही तो कर सर्व देशांच्या मालावर आहे आणि त्यांचे स्वतःचे कारखानेही कार्बनची किंमत मोजतात, त्यामुळे १८९६ शी त्याची तुलना मी करणार नाही. मात्र लहान फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, हा हिशेब ठेवण्यासाठी मदत मिळाली नाही, तर सवलत मोठ्या कारखान्यांपुरतीच उरेल.

कोथरूडची वाचक: दोघांचीही मनापासून आभारी आहे. दादा, ग्राहकाचे नाव झाकून तो तक्ता मला पाठवता येईल का? अबकारी कराच्या धड्याबरोबर तो वर्गात वाचावा असे वाटते.