मदत हवी आहे: सग्वारो लेकवर उन्हाळ्यात कयाकमधून लार्जमाउथ बास शोधायचा कुठे?

नमस्कार मंडळी, ॲरिझोनात कोणी कयाकमधून मासेमारी करतं का? मी फिनिक्सजवळ चँडलरला राहते. माझी कयाक (अरुंद छोटी होडी) साधी वल्ह्याची आहे, मोटर नाही, खोली आणि मासे दाखवणारा फिश फाइंडर नाही. सग्वारो लेकला बुचर जोन्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरते, गाडीच्या टपावरून काढली की थेट पाण्यात, ट्रेलरची भानगड नाही.

मार्च-एप्रिलमध्ये छान चाललं होतं. पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की बास अंडी घालायला उथळात येतो, त्यामुळे लव्हाळ्यांच्या कडेला सेंको (मऊ प्लास्टिकचा किडा) टाकला की मासा लागायचाच. मे संपला आणि सगळं थंडावलं. आता पहाटे थोडा वेळ पाण्यावर खळबळ दिसते, टॉपवॉटरवर (पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषावर) एखादा उसळतो, आणि ऊन डोंगराच्या वर आलं की शुकशुकाट. पाणी इतकं नितळ की तंगूससुद्धा मला वरून दिसतो, मग माशाला तर दिसतच असणार.

गावाकडे वडिलांबरोबर मरळ धरायला जायचे. बासही मरळीसारखाच दबा धरून झडप घालणारा, पण इथे किनाऱ्यापासून जरा पुढे गेलं की खाली किती खोल आहे तेच कळत नाही. ही सगळी सॉल्ट नदीवरची धरणं, वरून खाली रूझवेल्ट, अपाची, कॅन्यन आणि शेवटी सग्वारो, रूझवेल्टचं धरण १९११ सालचं आणि आपल्या सग्वारोचं स्टुअर्ट माउंटन धरण १९३० चं, म्हणजे जुनं नदीपात्र खाली बुडालेलं आहे आणि उन्हाळ्यात बास त्या पात्राच्या कडेला सरकतो असं ऐकलंय. पण नुसत्या वल्ह्यावर ते शोधायचं कसं? फिश फाइंडर घ्यावाच लागेल का? दुसरं म्हणजे सकाळ सरली की वारा सुटतो, स्पीडबोटींच्या लाटा कड्यांवर आपटून परत येतात आणि कयाक जागेवर ठरत नाही, अशा वेळी नांगर टाकता का? रात्री जाणारे बरेच आहेत म्हणे, पण एकटीने रात्री जायची माझी तयारी नाही. याच पाण्यातला, म्हणजे कॅन्यन लेकचा, १९९७ सालचा १६ पौंडांच्या वरचा बास अजून राज्याचा विक्रम आहे, मला तेवढा नको, दोन पौंडी मिळाला तरी खूप आनंद होईल, फक्त नीट समजून उमजून मिळायला हवा.

प्रतिसाद १:
ताई, मी मेसाला असतो, उन्हाळ्यात सग्वारोलाच जातो. मासा पार तळाला गेलाय असं समजू नका. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वरचा गरम, खालचा थंड, पण खालच्या थरात ऑक्सिजन फार कमी उरतो, त्यामुळे बास त्या सीमेच्या जरा वर थांबतो, आणि थ्रेडफिन शॅडचे (बास खातो त्या छोट्या माशांचे) थवे असतील तिथे असतो. फिश फाइंडर नसेल तर डोंगर बघा. डोंगराची सोंड पाण्याबाहेर ज्या उताराने येते साधारण त्याच उताराने पाण्याखाली जाते. सोंडेच्या टोकावरून ड्रॉप शॉट (खाली वजन, त्याच्या वर गळ) सोडा, वजन टेकेपर्यंत मनात आकडे मोजा, दोनचार ठिकाणी मोजलंत की तळाचा नकाशा डोक्यात तयार होतो. मी वीस ते तीस फुटांत बघतो. तंगूस आठ पौंडी फ्लोरोकार्बन, त्याहून जाड नको. आणि सकाळी पूर्वेकडच्या कड्यांची सावली पाण्यावर बराच वेळ टिकते, तिथे टॉपवॉटर तुम्हाला जास्त वेळ चालवता येईल.

नांगराचं मात्र कळकळीने सांगतो, कयाकच्या बाजूने कधीही टाकू नका, लाट आली की उलटी होते. टाकायचाच तर पुढच्या किंवा मागच्या टोकावरून, पटकन सोडता येईल असा, आणि बोटींची गर्दी असेल तर अजिबात नको. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. नऊला पाण्याबाहेर या. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता, पाण्यावर असलं तरी ते ऊन सोसत नाही. १५ जूनपासून मान्सून धरतात, दुपारी ढग चढायला लागले की वाट बघू नका. लागलेला मासाही लगेच सोडा, गरम पाण्यात तो आधीच धापा टाकत असतो.

प्रतिसाद २:
वरच्यांनी सगळं नीट सांगितलंय, थोडी भर घालते. पुढेमागे इलेक्ट्रिक मोटर बसवलीत तर ॲरिझोनात कयाकची नोंदणी करावी लागते, नुसत्या वल्ह्याला नाही. लाइफ जॅकेट मागे बांधून ठेवू नका, अंगात असू दे. लेक प्लेझंटला गेलात तर तिथलं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं, मार्चमधली जागा जूनमध्ये कोरडी मिळते, सग्वारो वर्षभर जवळपास भरलेला असतो म्हणून शिकायला तोच बरा. आणि तिथून दुसऱ्या तळ्यावर जाताना कयाक धुऊन पूर्ण वाळवा, प्लेझंटमध्ये क्वागा शिंपले (झपाट्याने पसरणारे परके शिंपले) आहेत, आपल्यामुळे पसरायला नकोत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! सोंडेचं अगदी पटलं, शनिवारी उजाडायच्या आत निघते. ड्रॉप शॉटला वजन किती लावता? पाव औंस पुरेल का?

प्रतिसाद १:
पुरेल. वारा असला तर तीन अष्टमांश औंस लावा, नाहीतर तळ लागल्याचं हाताला कळत नाही. आणि गळ वजनाच्या फूटभर वर बांधा.