घासाघीस नंतर, आधी पुस्तक तपासा

जुन्या पुस्तकांच्या बाजारात आवराआवरीच्या वेळी भाव उतरतो. पण स्वस्तात घेतलेलं पुस्तक अपुरं निघालं तर काय उपयोग? पुस्तकं बहुधा १६ पानांच्या फर्म्यांत (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत) बांधतात, त्यामुळे गहाळ होतो तो अख्खा फर्मा: पान ४८ नंतर थेट ६५. पृष्ठक्रमांक भराभर चाळलेत तरी कळतं. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक मधोमध हळूच उघडा. कण्यातून 'कट्ट' आवाज आला तर गोंद वाळलाय, पानं सुटणारच. कागद पिवळा असला तरी हरकत नाही, पण कडेचे तुकडे पडत असतील तर सोडा. टाचणीएवढी भोकं आणि ताजा भुसा दिसला तर फुकटही घेऊ नका. त्यातली कीड घरातलं अख्खं कपाट पोखरेल!