सीईएसपर्यंत थांबू की आत्ताच ग्राफिक्स कार्ड घेऊ?

रेंडरवेडी (डिसेंबर २०२४)
नमस्कार मंडळी, मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकतेय आणि एनव्हिडियाच्या जुन्या १०५० टीआय कार्डावर एकेक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला, इतका वेळ लागतो की शिकायचा मूडच जातो. बजेट साधारण ४५ हजार, फार तर थोडं वर. डोक्यात एनव्हिडियाचंच ४०६० टीआय आहे, १६ जीबी मेमरीवालं. पण ७ जानेवारीला लास वेगासमध्ये सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन सुरू होतंय, आदल्या संध्याकाळी एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांचं भाषण आहे आणि जो तो म्हणतोय नव्या कार्डांची ५० सिरीज तिथेच येणार. थांबू का? जुनं स्वस्त होईल का?

लॅमिंग्टनवारी
ताई, जाहीर होणं वेगळं आणि दुकानात मिळणं वेगळं. एनव्हिडिया महागड्या कार्डांपासून खाली उतरत येते, मागच्या वेळी महागडं ४०९० ऑक्टोबर २०२२ ला आलं आणि ४०६० यायला जून २०२३ उजाडला, तुम्ही म्हणताय ते १६ जीबीवालं तर जुलैत. जानेवारीत चर्चा होणार ती सगळी महागड्या कार्डांची, तुमच्या बजेटमधलं नवं कार्ड यायला उन्हाळा लागेल असं मला वाटतं. तोवर शिकणं का अडवायचं?

सिलिकॉनसातारा
मला नाही पटत हे. तीन-चार आठवडे थांबायला काय जातंय? ह्याच वर्षी जानेवारीत सीईएसला ४०७० सुपर ५९९ डॉलरला जाहीर झालं आणि साधं ४०७० लगेच ५९९ वरून ५४९ वर आणलं. शिवाय एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीच्या प्रमुख लिसा सू म्हणाल्यात की त्यांची आरडीएनए ४ या नव्या पिढीची कार्डं २०२५ च्या सुरुवातीला येणार, आणि एएमडीचा भर यावेळी मधल्या रेंजवर आहे, म्हणजे स्पर्धा नेमकी ताईंच्याच बजेटच्या आसपास होणार.

लॅमिंग्टनवारी
डॉलरची किंमत करांशिवाय असते हो, इथे वर १८ टक्के जीएसटी आणि डीलरचं मार्जिन. तिकडे ५० डॉलर उतरले म्हणून इथे लगेच उतरतील असं नाही, आणि जुना स्टॉक संपत आला की चांगली मॉडेल्स आधी गायब होतात.

नोडगुंता
ब्लेंडरसाठी म्हणून सांगतो. गेमिंगला असतं तर इंटेलचं नवं बी५८० कार्ड सुचवलं असतं, २४९ डॉलरला १२ जीबी म्हणजे खरंच भारी काम केलंय त्यांनी. पण सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये ऑप्टिक्स या स्वतःच्या तंत्रामुळे एनव्हिडिया बरंच पुढे आहे, एएमडीही तिथे मागे पडतं. आणि सीन व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डाच्या मेमरीत, मावला नाही की रेंडर रखडतं नाहीतर बंदच पडतं, त्यामुळे १६ जीबी अजिबात सोडू नका, ८ जीबीवालं थोडं स्वस्त मिळतं म्हणून भुलू नका. माझं मत, आत्ता घ्या.

रेंडरवेडी
खूप खूप आभार सगळ्यांचे! घेतेच मग. ४५० वॉटचा पॉवर सप्लाय चालेल का?

नोडगुंता
कार्ड १६५ वॉट खातं, कंपनी ५५० वॉटचा सांगते. तुमचा जुना असेल तर तोही बदला, त्यात काटकसर नको. आणि भाषण आपल्याकडे ७ तारखेला सकाळी ८ ला आहे, कार्ड घेतलंत तरी बघाच.