मेळघाट : खापर दर वेळी आईच्याच माथी का?

सिपनाकाठ
परवा येथेच गिरिभ्रमण यांनी ‘मेळघाटचे सत्य’ हे टिपण लिहिले. चिखलदऱ्याच्या पावसाळी सहलीहून परतल्यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की सरकारने दवाखाने दिले, आहार दिला, रुग्णवाहिका दिल्या, तरीही कोरकू आदिवासींची मुले दगावतात, कारण आई-बाप आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदू-मांत्रिकाकडे जातात, मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात आणि एरवी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. टिपणाला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

धारणी तालुक्यातील एका शाळेत मी आठ वर्षे शिकवले. तिसरीतील एक मुलगी वर्षभर दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन वर्गात येत असे. दुपारी ती दप्तरातून बिस्किटाचा पुडा काढी आणि बाटलीत आणलेल्या बिनदुधाच्या चहात एकेक बिस्किट बुडवून त्याला भरवी. तेच त्याचे जेवण. आई सकाळी सातला निंदणीला जाई आणि अंधार पडल्यावर परते. या आईला ‘निष्काळजी’ म्हणण्यापूर्वी, एका दिवसाची मजुरी बुडाली तर त्या घरात काय होते, हे गिरिभ्रमण यांनी एकदा विचारून यावे.

मुले सर्वाधिक दगावतात ती पावसाळ्यात, कारण तेव्हा कणगीतील धान्य संपलेले असते, शेतीची कामे ऐन भरात असतात, हिवताप, हगवण आणि न्यूमोनिया एकदमच येतात आणि नाल्यांना पूर आल्याने रस्ते बंद पडतात. दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, होळीला फगव्यापुरती गावी येतात आणि पुन्हा जातात. त्या काळात मुलाचे नाव एका अंगणवाडीत असते आणि मूल दुसऱ्याच जिल्ह्यातील वीटभट्टीवर. भूमका या साखळीची शेवटची कडी आहे. आपण मोजणी तेथूनच सुरू करतो, म्हणून आधीच्या कड्या दिसत नाहीत.

गिरिभ्रमण
सहलीला जाणे हा गुन्हा असल्याचे ठाऊक नव्हते, क्षमस्व. तथापि पोटावर ताजे चटके असलेले सहा महिन्यांचे मूल मी या डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते पाहून जे लिहावेसे वाटले, ते लिहिले. गरिबी शहरातही आहे. तेथे कोणी मुलाला भाजत नाही. गेली अनेक वर्षे हा प्रश्न उच्च न्यायालयात आहे, तेव्हापासून किती योजना आल्या आणि किती पैसा ओतला गेला, याचा हिशेब आपल्या लेखात कोठेही नाही. प्रत्येक गोष्टीला ‘व्यवस्था’ जबाबदार म्हटले, की माणसांकडून काही अपेक्षा करण्याची गरजच उरत नाही, आणि हा मला त्या माणसांचाच अपमान वाटतो.

शिशुवैद्य
दोघांचेही थोडे चुकते आहे, असे नम्रपणे नोंदवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसे मोजावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि घरीच इंजेक्शन कसे द्यावे, इतकेच. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले. लोक तेच होते, गरिबी तीच होती, श्रद्धाही त्याच होत्या. तेव्हा मृत्यूंचे मूळ कारण अंधश्रद्धा असल्याचा गिरिभ्रमण यांचा सिद्धान्त टिकत नाही. पण गरिबी हटल्याशिवाय काहीच होणार नाही, असे कोणी सुचवत असेल तर तेही टिकत नाही.

सिपनाकाठ
मान्य, अर्धेच. मूल जगणे आणि मूल वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५ टक्के झाले. इंजेक्शनाने मूल वाचते, त्याची उंची वाढत नाही. अठराव्या वर्षाआधी लग्न झालेली, स्वतःच खुरटलेली, रक्त कमी असलेली मुलगी अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ जन्माला घालते, तेव्हा विषमतेचा अर्धा डाव बाळाने पहिला श्वास घेण्याआधीच मांडलेला असतो.

ताळेबंद
एक मूलभूत शंका. आपल्याकडची माणसे मुळातच ठेंगणी असताना त्यांना नॉर्वेच्या मुलांची फूटपट्टी लावायची आणि मग ३५ टक्के खुरटलेली म्हणून गळा काढायचा, यात शास्त्र किती आणि अनुदान मिळवण्याची सोय किती? अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्येच हा आक्षेप घेतला होता.

शिशुवैद्य
जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मानदंड नॉर्वेसह सहा देशांतील मुलांवरून ठरवले आणि त्यांत भारतही होता. दक्षिण दिल्लीतील सुस्थितीतल्या घरांची मुले मोजली, तेव्हा पहिल्या पाच वर्षांत ती इतर देशांतील मुलांसारखीच वाढलेली आढळली. मोजपट्टी परदेशी नाही. ताट निराळे आहे.

चौकातली ताई
मी अंगणवाडी सेविका आहे. आपण सगळे ज्या आकड्यांवर भांडत आहात, त्यांपैकी सरकारी दप्तरातले आकडे कसे तयार होतात, ते कोणी विचारले नाही, म्हणून सांगते. गेल्या वर्षी एका महिन्यात माझ्याकडे चार मुलांचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला, म्हणजे पट्टी लाल, तीव्र कुपोषण. मी तसे भरले. दुसऱ्या दिवशी वरून फोन, “मागच्या महिन्यात एक होते, चार कशी झाली? तुम्ही काय करत होता?” आहार दोन महिने उशिरा आला होता, हे त्या नोंदीत भरायला रकाना नाही. मुलाची उंची एक सेंटीमीटर कमी लिहिली, की उंचीच्या मानाने त्याचे वजन आपोआप बरे दिसू लागते आणि मूल कागदावर तीव्र कुपोषणातून बाहेर पडते, ही युक्ती प्रशिक्षणात कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते.

ताळेबंद
म्हणजे सेविका खोट्या नोंदी करतात, याची ही जाहीर कबुलीच झाली. आम्ही कर भरायचा आणि आपण उंच्या कापायच्या!

चौकातली ताई
मी उंची कापली नाही, म्हणूनच माझी चौकशी झाली. वाक्य पूर्ण वाचण्याची तसदी घ्यावी. आणि कराचे म्हणाल, तर आम्हाला दिलेले मोबाईल इतके गरम होत आणि बंद पडत, की २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते शासनाला परत केले. नोंदी भरायचे ॲप सुरुवातीला इंग्रजीत होते. पाड्यावर रेंज नाही, म्हणून मी टेकडीवर चढून माहिती भरत असे आणि तेवढा वेळ खाली वजनकाट्याला झोळीत लटकलेले मूल रडत असे.

शिशुवैद्य
ताईंचे म्हणणे नवे नाही, हेच दुर्दैव. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने सरकारी दप्तरात बालमृत्यूंचा मोठा भाग नोंदलाच जात नसल्याचे दाखवले होते. नोंद करणाऱ्यालाच आरोपी केले, तर नोंद होणार कशी?

देवनार रोड
मेळघाट, मेळघाट पुरे झाले. २०२२ मध्ये गोवरची साथ मुंबईत, गोवंडीत आली आणि मुले गेली. तेथे पूर नाही, जंगल नाही, भूमका नाही. दवाखाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कचऱ्याच्या डोंगराशेजारी दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात आणि पाणी विकत घेतात. आमच्याकडे सहलीला कोणी येत नाही, म्हणून बहुधा धागेही निघत नसावेत.

सिपनाकाठ
टोमणा स्वीकारला. पण आपण माझाच मुद्दा मांडलात.

गिरिभ्रमण
सर्व ज्ञानी मंडळींनी मिळून माझे शिक्षण केले, याबद्दल आभारी आहे. टिपणातील ‘लक्ष देत नाहीत’ हे शब्द मी काढतो. चटके दिलेल्या त्या मुलाच्या आईला मी काहीच विचारले नव्हते, कारण मला कोरकू येत नाही आणि गाडीच्या चालकाला जितके येत होते तितक्यावर मी निष्कर्ष काढला. चटक्यांबद्दलचे वाक्य मात्र काढणार नाही. ते मूल मी पाहिले आहे.

सिपनाकाठ
ते वाक्य काढूही नका. त्याच्यापुढे एवढेच जोडा, की चटके देण्याआधी आई किती दिवस वाट पाहत होती आणि त्या आठवड्यात आरोग्य उपकेंद्रात कोणी हजर होते का. भूमका गावात राहतो, हाक मारली की येतो आणि तिच्या भाषेत बोलतो. या तीन गोष्टींत त्याच्याशी बरोबरी करणारी सेवा मी आठ वर्षांत फार थोडे दिवस पाहिली.

चौकातली ताई
माझ्या त्या चारांपैकी तीन मुले ग्राम बाल विकास केंद्रात महिनाभर खाऊन-पिऊन हिरव्या पट्टीत आली. चौथीची आई अकराव्या दिवशी तिला घेऊन वीटभट्टीवर गेली. तिचे कार्ड अजून माझ्या कपाटात आहे आणि ॲपमध्ये ती गैरहजर दिसते.